पगारावर टाच: एजंट काय सांगतो आणि कायदा काय सांगतो

क्रेडिट कार्डचं बिल थकलं की रिकव्हरीवाल्याचं वाक्य ठरलेलं असतं, 'सर, एचआरला मेल टाकतो, पुढच्या महिन्यापासून पगार बंद', आणि आपली माणसं घाबरून कुणाकडून तरी उसने घेऊन पाच-दहा हजार भरून टाकतात, ज्यातले बरेचसे व्याजातच जातात. तर कार्डच्या थकबाकीसाठी कंपनीला तुमचा पगार कापायला लावायचा तर बँकेला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्याच लागतात. आधी दावा, मग डिक्री (म्हणजे पैसे भरा असा कोर्टाचा हुकूमनामा), मग दरखास्त (म्हणजे तो हुकूमनामा अमलात आणायचा अर्ज), आणि त्या दरखास्तीत कोर्ट तुमच्या कंपनीला ऑर्डर काढतं. एजंटच्या मेलवर कंपनीने एक रुपया कापायचं कारण नाही.

बरं, ऑर्डर निघालीच तर किती जातो? दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 बघा. पहिले 1000 रुपये बाजूला, उरलेल्याचे तीन भाग, दोन तुमचे, टाच, म्हणजे जप्ती, एकावरच. म्हणजे पगार 40,000 धरला तर 39,000 चा तिसरा हिस्सा, 13,000, बाकी 27,000 तुमच्या हातात. (हे 1000 आधी 400 होते, 2002 मध्ये वाढवले, आणि तेव्हापासून तिथेच अडकलेत, एका सिलेंडरला जेमतेम पुरतील.) आणि हे जन्मभर चालत नाही बरं का, एकाच डिक्रीसाठी एकूण 24 महिने टाच झाली की त्या डिक्रीपुरता पगार कायमचा सुटतो, मग पैसे राहिले असले तरी. बँक तुमच्या दुसऱ्या मालमत्तेवर जाऊ शकते ते वेगळं, पण पीएफला हात लावता येत नाही.

खरी गडबड डिक्रीच्या आधीच होते. बेलिफ समन्स घेऊन येतो आणि घरातून सांगतात, साहेब गावी गेलेत. अहो, बँक समरी सूट (म्हणजे झटपट निकालाचा दावा) टाकते तेव्हा समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी नोंदवायची असते, ती चुकली की बँकेला डिक्री मागायला रस्ता मोकळा, मग व्याज चुकीचं लावलं होतं, पेमेंट वजा केलंच नव्हतं, हे सांगायची वेळ गेलेली असते. एजंटचा फोन नाही उचलला तरी चालेल एकवेळ, पण समन्स घ्या, वकील गाठा. आणि सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन येत असतील, शेजाऱ्याला, बॉसला फोन जात असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमात हे बसत नाही, कॉल लॉगचे स्क्रीनशॉट काढा, बँकेला लेखी तक्रार द्या, तीस दिवसांत उत्तर नाही आलं की रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे, म्हणजे लोकपालाकडे.

आता मघाशी कुणीतरी विचारलं, 'माझा पगार तर कोर्टाशिवायच कापला जातोय.' दोन गोष्टी असू शकतात. एक, कार्ड आणि सॅलरी अकाउंट एकाच बँकेत आहे, आणि कार्डच्या अटींमध्ये थकबाकीचे पैसे खात्यातून वळते करायचा हक्क बँकेने लिहून ठेवलाय, तो कागद काढून वाचा. दुसरी, पगारदार पतसंस्थेचं कर्ज. तिथे तुम्हीच कपातीचा करारनामा सही करून दिलेला असतो, महाराष्ट्राच्या सहकार कायद्याच्या कलम 49 खाली, आणि त्यावर कंपनी कापते, त्याला वरचं एक तृतीयांशाचं गणित लावू नका.