३१ जुलै चुकली, तर शैक्षणिक कर्जाची करसवलतही जाते

नमस्कार मंडळी! "इन्कम टॅक्स रिटर्नची मुदत ३१ जुलै असली म्हणून काय, डिसेंबरपर्यंत भरता येतं की. पाच हजार दंड भरायचा, विषय संपला." ऑफिसच्या कँटीनमध्ये दर जुलैत हे ऐकू येतं. पाच हजार हा आकडा बरोबर आहे, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर एक हजारच. पण घरात शैक्षणिक कर्ज चालू असेल, तर खरा फटका वेगळ्याच ठिकाणी बसतो.

बघा, आयकर मोजायच्या दोन पद्धती आहेत, जुनी आणि नवी. नवी करप्रणाली आता आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती मागावी लागते, आणि पगारदाराला ती मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्येच मागता येते. वर्षभर कंपनीने जुन्या प्रणालीप्रमाणे टीडीएस (पगारातून आधीच कापला जाणारा कर) कापला असला, तरी उशिरा भरलेलं रिटर्न नव्यानेच मोजलं जातं. आणि आयकर कायद्याच्या कलमांतली मुलांच्या फीची ८०सी असो की शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची ८०ई, दोन्ही वजावटी फक्त जुन्या प्रणालीत आहेत.

आता २०२५-२६ चा हिशेब करू. पगार १५ लाख. मुलीच्या परदेशी एमएससाठी वडिलांनी कर्ज काढलंय, वर्षाचं व्याज भरलं ४ लाख. घरकर्जाचं व्याज २ लाख, ८०सी पूर्ण दीड लाख, पगारदाराला सरसकट मिळणारी प्रमाणित वजावट ५० हजार. जुन्या प्रणालीत करपात्र उरले ७ लाख, कर सेससकट (करावरच्या उपकरासकट) ५४,६००. नव्या प्रणालीत वजावट ७५ हजारांचीच, कर ९७,५००. फरक ४२,९०० रुपये! वर ते पाच हजार, आणि राहिलेल्या करावर महिन्याला एक टक्का व्याज. महिन्याचा एक दिवस जरी लागला, तरी व्याज अख्ख्या महिन्याचं.

पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असेल आणि दुसरं काही उत्पन्न नसेल, तर नव्या प्रणालीत कर तसाही शून्य. तुम्ही या गणितात डोकं घालू नका, फक्त रिटर्न वेळेत भरा.

फीचं म्हणाल, तर शाळा-कॉलेजच्या पावतीवरची फक्त ट्यूशन फी धरतात. तीही दोन मुलांची, भारतातल्या पूर्णवेळ शिक्षणाची. डोनेशन, डेव्हलपमेंट फी, स्कूलबस, हॉस्टेल, सगळं बाहेर. लातूरला नीटच्या क्लासला लाखभर भरलेत? त्याची वजावट शून्य. मला हा नियम आजच्या काळाला धरून वाटत नाही, पण आहे तो असा आहे.

८०ई मात्र उदार आहे. व्याजाला वरची मर्यादाच नाही, परदेशातलं शिक्षणही चालतं. पण अट अशी की कर्ज बँकेचं किंवा मान्यताप्राप्त संस्थेचं हवं; मामाकडून उसने घेतलेले चालत नाहीत. व्याज भरायला लागल्यापासून आठ वर्षं सवलत मिळते, मुद्दलावर काहीच नाही. म्हणजे एक वर्ष मुदत चुकवलीत, तर आठातलं एक वर्ष वाया.

आणि मुलांचं स्वतःचं? हिंजवडीत इंटर्नशिप करणाऱ्या मुलाच्या मानधनातून बरेचदा १० टक्के टीडीएस कापतात. उत्पन्न करमर्यादेखाली असेल तर ते पैसे त्याचेच, पण रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाहीत. ३१ डिसेंबरही गेली, तर नंतरच्या अद्ययावत रिटर्नमध्ये रिफंड मागता येत नाही. उशिराची माफी मागणारा वेगळा अर्ज करा आणि बसा वाट बघत.

२०२५ मध्ये मुदत वाढत वाढत १६ सप्टेंबरवर गेली होती, त्यामुळे दरवर्षी वाढतेच असं धरून बसणारे बरेच आहेत. कृपा करून त्यांच्यात जाऊ नका. बँकेकडून व्याजाचा दाखला आत्ताच मागवा. ८०ई भरताना बँकेचं नाव, कर्जखात्याचा नंबर, मंजुरीची तारीख आणि शिल्लक रक्कम विचारतात, आणि ३० जुलैच्या रात्री शाखेत फोन उचलायला कोणी नसतं.