पिशवीत उरलेले टाळ

[बदलापूर स्टेशन, पहाट. फलाटावरचं बाकडं. हातांचा क्लोजअप.]

स्टीलच्या एका छोट्या डबीत कणकेचा गोळा आहे. पोळीच्या कणकेपेक्षा सैल. काकूंनी पहाटे डब्याच्या पोळ्या लाटताना तो बाजूला काढून ठेवला होता. आता काका, म्हणजे लोकलमधल्या भजनी मंडळाचे पखवाजवादक, तो पखवाजाच्या डाव्या तोंडावर बोटांनी पसरवताहेत. मध्ये जाड, कडेला पातळ. कणीक कमी पडली तर आवाज पोकळ येतो, जास्त झाली तर बद्द. काका एकदा थाप मारतात, चिमूटभर कणीक काढतात, पुन्हा थाप मारतात.

[पखवाजाची उजवी बाजू. छोटी हातोडी.]

उजव्या तोंडाला शाई, म्हणजे काळा लेप असतो, तो कायमचा. तिथे काम वादीचं, म्हणजे चामड्याच्या पट्टीचं, आणि लाकडी गट्ट्यांचं. मंडळात मुख्य गाणारे ते बुवा. त्यांची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, पेटीवरची काळी चार. मोबाइलमधला तानपुरा कानाशी धरायचा आणि गट्टा हातोडीने ठोकत ठोकत सूर जुळवायचा. फलाटावर उद्घोषणा चालू आहे, शेजारी चहाची किटली खडखडतेय, समोरून मालगाडी जातेय. काका मान खाली घालून फक्त तो एक सूर ऐकताहेत.

[गाडी फलाटात शिरते. चढणारी माणसं. काही सेकंद निवेदन नाही.]

डबा ठरलेला, दरवाजा ठरलेला, जागाही ठरलेली. साडेसहाच्या सुमाराची ही गाडी. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ६८ किलोमीटर. रोजचा जवळजवळ दीड तास.

[कापडी पिशवी. एकेक टाळजोडी बाहेर निघते.]

ही पिशवी नीट बघा. हिच्यात चौदा टाळजोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीची दोरी वेगळ्या रंगाची. गाडी सुटली की पिशवी हातोहात फिरते. ज्याने त्याने आपली जोडी काढून घ्यायची. कुणी दुसऱ्याची घेत नाही. फिरून पिशवी बुवांकडे आली की बुवा आत हात घालतात.

आज दोन जोड्या उरल्या आहेत. एक हिरव्या दोरीची, एक पांढऱ्या. हिरवी दोरी गावाला गेलीय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पांढऱ्या दोरीचा निरोप नाही. कल्याण यायच्या आत पांढऱ्या दोरीला फोन जाईल.

[भजन सुरू होतं. टाळ, पखवाज, डब्याच्या पत्र्यावर पडणारी थाप.]

गर्दीत कॅमेरा खांद्याच्या वर उचलता येत नव्हता. म्हणून या फिल्ममध्ये चेहऱ्यांपेक्षा हात जास्त दिसतील.

आधी नामघोष, मग विठ्ठलाच्या रूपाचा अभंग. अंबरनाथ गेलं, उल्हासनगर गेलं. पुढचं स्टेशन विठ्ठलवाडी. त्या नावाची पाटी खिडकीतून सरकायला लागली की गजर आपोआप चढतो. कुणी खूण करत नाही. दारात लटकलेला, या मंडळाशी काही घेणंदेणं नसलेला एखादा मुलगाही त्या वेळी दांड्यावर बोटांनी ठेका धरतो. तो आम्हाला तीन वेगवेगळ्या दिवशी दिसला.

[नायगाव. बीडीडी चाळीचा लांब पॅसेज. दोन्ही बाजूंना दारं.]

हे भजन गाडीत आलं कुठून, हे बघायचं तर दादरला उतरून नायगावात जावं लागतं. बुवांचा जन्म इथला.

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी. तळमजला आणि वर तीन मजले. एका चाळीत ऐंशी खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. खोलीत माणसं मावत नसत, म्हणून जगणं पॅसेजमध्ये यायचं. झोपणं तिथे, भांडणं तिथे, अभ्यास तिथे आणि भजनही तिथेच.

गिरण्यांमध्ये कामाला कोकणातून, घाटावरून माणसं आली ती बहुतेक एकटी. बायकामुलं गावाला. एका गावच्या माणसांनी मिळून एक खोली घ्यायची आणि पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपायचं. या गावकीच्या खोल्यांमधून भजनी मंडळं उभी राहिली. दिवसपाळी सुटली की हातपाय धुऊन टाळ काढायचे. ज्याचं पोर गावाला आजारी आहे, ज्याचं पत्र महिनाभर आलं नाही, तोही त्या वर्तुळात येऊन बसायचा. त्याला कुणी काही विचारायचं नाही. टाळ तेवढा हातात द्यायचे.

[जुनी छायाचित्रं. गिरणीचा भोंगा. शाहिरी डफ.]

गाणं एकाच प्रकारचं नव्हतं. कोकणातला शक्ती-तुरा होता, नमन होतं, दोन बुवांच्या सामन्याची डबलबारीची भजनं होती. बाबासाहेबांचे विचार घेऊन जलसे वस्तीवस्तीत जात होते. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं आणि कामगारांच्या मैदानांत डफ घुमू लागला. ज्या माणसाचं म्हणणं कोणी ऐकून घेत नव्हतं, त्याला मुंबईत पहिल्यांदा आवाज मिळाला तो गाण्यात. हे मी नुसतं कौतुकाने म्हणत नाही. गिरणगावात कोणत्याही जुन्या माणसाला विचारा, तो भाषणं विसरलेला असतो, चाली विसरलेला नसतो.

[बंद गिरणीचं फाटक. चिमणी.]

१८ जानेवारी १९८२. गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत जायला गिरणी उरली नाही. घरं विकली गेली, खोल्यांच्या वाटण्या झाल्या. जिथे परवडलं तिथे माणसं गेली. डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार.

बुवांचे वडील बदलापूरला आले तेव्हा पेटी, पखवाज आणि टाळांची पिशवी बरोबर आली. पण संध्याकाळ आली नाही. कामं मुंबईतच होती. घरी पोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजायचे. जेवून अंग टाकायचं. मग भजन करायचं कधी? एके दिवशी कुणीतरी पिशवी गाडीत घेऊन आलं. चाळीचा पॅसेज गेला, त्याच्या जागी डब्यातली दोन बाकांमधली जागा आली.

[पुन्हा गाडी. मुंब्र्याचा डोंगर. हात जोडणारी माणसं.]

हे आता गात आहेत ते बुवा एका कार्यालयात शिपाई आहेत. त्यांच्या मागे, निळ्या दोरीचा टाळ वाजवताहेत ते त्याच कार्यालयातले अधिकारी. दहा वाजता बुवा त्यांच्या टेबलावर फाइल नेऊन ठेवतील. आत्ता चाल बुवांची, आणि साहेब त्यांच्या मागे म्हणताहेत. एक हमाल आहेत, एक कोर्टातले कारकून, एक निवृत्त शिक्षक. शिक्षकांना मुंबईत आता काही काम नसतं. ते आठवड्यातून तीन दिवस फक्त भजनासाठी येतात आणि उलट्या गाडीने परत जातात.

[तरुण मुलगा. आधी बोलताना, मग गाताना.]

हा मुलगा बोलताना अडखळतो. स्वतःचं नाव सांगतानाही पहिलं अक्षर अडकतं, ते तुम्ही आत्ता ऐकलंत. आता ऐका.

[तो गौळण म्हणतो. पूर्ण कडवं. निवेदन नाही.]

बोलताना अडखळणारी बरीच माणसं गाताना अडखळत नाहीत, हे वाचातज्ज्ञांना फार पूर्वीपासून माहीत आहे. गाण्यात शब्द तालावर येतात, स्वर लांबतात, आणि बरोबर दहा जण तेच म्हणत असतात. गाडीत त्याला हे कुणी समजावून सांगितलं नाही. पहिल्या दिवशी त्याच्या हातात लाल दोरीची जोडी दिली, एवढंच. तो आता एका दुकानात काउंटरवर बसतो.

[महिलांचा डबा. आमच्या सहकारी मैत्रिणीने केलेलं चित्रीकरण.]

परतीच्या गाडीतला महिलांचा डबा. इथलं मंडळ वेगळं. टाळ थांबला की हातात मेथीची जुडी येते. पानं खुडली जातात, देठं पिशवीत जातात, आणि पुढचा अभंग सुरू होतो. गजर उचलताहेत त्या काकूंचे यजमान गेले, त्याला तीन वर्षं झाली. त्यांच्या इमारतीत अजून त्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. इथे मात्र पहिली ओळ त्यांचीच असते, आणि बाकीच्या जणी त्यांच्या तोंडाकडे बघून सूर धरतात.

[दसरा. झेंडूची तोरणं, डब्याच्या दांड्यांना फुलं, पेढ्यांचा पुडा.]

दसऱ्याला डबा सजतो. ज्या डब्याने वर्षभर नेलं-आणलं त्याला हार घालायचा, आणि अनोळखी माणसाच्याही हातावर पेढा ठेवायचा. ही दृश्यं आम्ही जास्त वेळ ठेवली आहेत, कारण यातल्या एकाही माणसाला आम्ही हसा म्हणून सांगितलेलं नाही.

[मोबाइलवरचं जुनं चित्रीकरण. पडद्यावर छोट्या चौकटी.]

२२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल थांबली. जूनमध्ये ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या माणसांसाठी सुरू झाली. ज्या शहरात रोज ७० लाखांहून जास्त माणसं लोकलने जात, त्या शहरातली स्टेशनं रिकामी पडली.

मंडळाने व्हिडिओ कॉलवर भजन करून पाहिलं. ते जमेना. इंटरनेटवर आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, आणि तेवढा क्षण तालाला पुरतो. बुवांची सम एका जागी, टाळ दुसऱ्याच जागी. मग त्यांनी ठरवलं, एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी आपला आवाज बंद करून घरात एकटं वाजवायचं. या चौकटींमध्ये तेच दिसतंय. तेरा माणसं टाळ वाजवताहेत आणि एकाचाही आवाज येत नाही.

१५ ऑगस्ट २०२१ पासून लशीचे दोन्ही डोस घेतलेल्यांना पासावर लोकलने जाता येऊ लागलं. पहिल्या दिवशी पिशवीत तीन जोड्या उरल्या. त्यातल्या दोन जोड्यांच्या दोऱ्या अजून बदललेल्या नाहीत.

[दोऱ्यांचा क्लोजअप. काही सेकंद निवेदन नाही.]

याचा अभ्यास जगात झालेला आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके एका लयीत कमी-जास्त होऊ लागतात, कारण ओळ म्हणताना सगळे एकाच वेळी श्वास सोडतात. इंग्लंडमध्ये बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या १३४ स्त्रियांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा आठवडे एकत्र गाणाऱ्या गटात, ज्यांचा त्रास जास्त होता त्या लवकर सावरल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्यावरचे ३,००० हून जास्त अभ्यास एकत्र मांडले. तिकडे यासाठी प्रकल्प आखतात, निधी देतात, गायनाचे वर्ग डॉक्टर सुचवतात. आपल्याकडे हे पिढ्यान् पिढ्या पासाच्या पैशात चाललंय.

तक्रारीही होतात. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला झोप हवी असते, कुणाची परीक्षा असते. हे मंडळ लाउडस्पीकर वापरत नाही आणि कुणी हात जोडले तर थांबतं.

[वरळी. नवे उंच टॉवर, बाजूला जुन्या चाळी.]

वरळीच्या बीडीडीत आता टॉवर उभे राहिले आहेत. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर, स्वतंत्र संडास, लिफ्ट. हे व्हायलाच हवं होतं. ज्यांनी चार पिढ्या रांगेत बादली धरली, त्यांना हे मिळालं याचा आनंद आहे. एवढंच वाटतं, की मुंबईत जिथे जिथे जुनी चाळ पाडून इमारत उभी राहते, तिथे नकाशात व्यायामशाळेला चौकोन असतो, गाड्यांना मजले असतात, आणि वीस माणसांनी संध्याकाळी मांडी घालून बसावं अशी खोली मात्र कुणी मागतही नाही. ती मागायला हवी. सोसायटीच्या सभेत, आर्किटेक्टसमोर, नाव घेऊन मागायला हवी.

[टर्मिनस. उतरणारी गर्दी. फलाटाच्या टोकाला काका.]

भायखळा गेलं की भैरवी. गाडी थांबायच्या आत टाळ पिशवीत. पिशवी आज बुवांच्या टेबलाखाली राहील, पखवाज काका आपल्या दुकानात ठेवतील.

त्याआधी एक काम. कणीक वाळली तर कातडं खराब होतं, म्हणून ती आत्ताच काढायची. काका नखाने कड सोडवतात, ओल्या फडक्याने तोंड पुसतात. निघालेले तुकडे फलाटाच्या टोकाला कबुतरांना टाकतात.

बुवांच्या फोनवर पांढऱ्या दोरीचा निरोप आला आहे. आईला दवाखान्यात ठेवलंय. साहेब आणि बुवा दोघं दुपारच्या सुट्टीत तिकडे जाऊन येणार आहेत. हमाल म्हणाले, डबा मी पोचवतो.

[काकांची पिशवी. जेवणाचा डबा उघडतो.]

काकूंनी सकाळी दोन गोळे काढले होते. दुसरा इथे आहे, पोळ्यांच्या वर, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. संध्याकाळच्या गाडीसाठी.