सेट: बसलेला, बसवलेला, लागलेला

(दृश्य: नाट्यगृहाचं मागचं दार. सकाळ. टेम्पोतून रंगवलेल्या भिंती उतरतायत. हातोडीचे ठोके.)

निवेदन:

दुपारी साडेचारचा प्रयोग. टेम्पो सकाळीच लागलाय. दोन भिंती, एक दार, खिडकीची चौकट, पाय डुगडुगणारा सोफा. थोड्या वेळात इथे एक दिवाणखाना उभा राहील आणि रात्री प्रयोग सुटला की परत टेम्पोत जाऊन बसेल. जाहिरातीत याला नेपथ्य म्हणतात. पडद्यामागे तो शब्द कुणी काढत नाही. तिथे एकच प्रश्न असतो: "सेट लागला का?"

सेट. केवढासा शब्द! पण दिवसभरात किती ठिकाणी भेटतो बघा. काचेच्या कपाटात पाहुण्यांसाठी जपलेला टी-सेट. लग्नात मिळालेला मोत्यांचा सेट. उडप्याकडचा सेट डोसा, म्हणजे एका बशीत दोन-तीन जाड, लुसलुशीत डोसे. पार्लरमध्ये केस सेट. शेजाऱ्यांचा मुलगा दुबईत सेट. गल्लीत कुणाचं तरी कुणाशी सेटिंग, आणि रस्त्याचं कंत्राट ज्याला मिळालं त्याचंही सेटिंगच. (या दोन सेटिंगांत फरक इतकाच, की पहिल्याची चर्चा उघड होते.)

मराठीने एवढे अर्थ उचलले, ते एका मोठ्या ढिगाऱ्यातले चार खडे आहेत.

(दृश्य: लाकडी खण, खणांत कागदी चिठ्ठ्यांचे गठ्ठे. एक हात चिठ्ठ्या चाळतो.)

निवेदन:

इंग्लंडमधलं ऑक्सफर्ड. जेम्स मरे नावाच्या शिक्षकाने घराच्या बागेत एक पत्र्याची खोली उभारली होती. तिला तो स्क्रिप्टोरियम म्हणे. देशोदेशीचे वाचक पुस्तकं वाचायचे, एखादा शब्द नेमक्या कुठल्या वाक्यात आलाय ते चिठ्ठीवर उतरवायचे आणि पोस्टाने पाठवायचे. लाखो चिठ्ठ्या जमल्या. त्यातून ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश तयार झाला. पहिला भाग १८८४ साली निघाला, शेवटचा १९२८ साली. मरे १९१५ मध्येच गेले. 'एस' या अक्षराची सुरुवात आली कोशाचे दुसरे संपादक हेन्री ब्रॅडली यांच्या टेबलावर, आणि त्या गठ्ठ्यांमध्ये हा तीन अक्षरी शब्द दबा धरून बसला होता.

१९८९ साली कोशाची दुसरी आवृत्ती वीस खंडांत आली. तिच्यातली सगळ्यात लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची आहे. ४३० हून जास्त अर्थछटा आणि सुमारे ६०,००० शब्द. एक बऱ्यापैकी जाडजूड कादंबरी, आणि नायक एकच.

घाबरायचं कारण नाही. या पसाऱ्याची किल्ली आपल्याच खिशात आहे.

(दृश्य: शाळेचा फळा. खडूने लिहिलं जातं: बसणे – बसवणे.)

निवेदन:

मराठी व्याकरणातला प्रयोजक हा प्रकार आठवतोय? मूल बसतं, आई मुलाला बसवते. इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणं आणि 'सेट' म्हणजे बसवणं. सेट हा सिटचा प्रयोजक आहे. जुन्या इंग्रजीत तो 'सेत्तान' होता, अर्थ तोच: बसतं करणं.

आता आपण काय काय बसवतो ते आठवा. गणपती बसवतो. कवळी बसवतो. हाडवैद्य हाड बसवतो. सोनार खडा बसवतो. संगीतकार गाण्याला चाल लावतो आणि गायकाकडून ती बसवून घेतो. दिग्दर्शक नाटक बसवतो. इंग्रजीत हाड, खडा, चाल, दात, या सगळ्यांना सेट चालतं. चारशे अर्थ पाठ करायची गरजच नाही. 'बसवणे' म्हणून पाहिलं की निम्मी नोंद आपोआप उलगडते.

गंमत म्हणजे आपलं 'बसणे' संस्कृत 'उपविश्'मधून आलंय, इंग्रजी सिटशी त्याचं रक्ताचं नातं नाही. दोघं वेगळ्या वाटांनी गेले आणि एकाच ओट्यावर येऊन टेकले. सिट आणि सेटचा सख्खा भाऊ संस्कृतात आहे तो 'सद्'. संसदेत, परिषदेत, सभासदात तो आहे. गुरूजवळ खाली बसून मिळतं ते उपनिषद, तिथेही तोच. कवितेतलं पाखराचं नीड आणि इंग्रजीतलं नेस्ट, हे दोन्ही 'खाली बसायची जागा' या एकाच जुन्या शब्दाचे अवशेष.

(दृश्य: सराफकट्टा. अरुंद खोली, दिव्याचा पिवळा झोत, कारागिराचे हात.)

निवेदन:

इथे क्षणभर थांबू. अंगठीचं कोंदण तयार आहे, खडा अजून बाहेर. कारागीर चिमट्याने खडा उचलतो, कोंदणात टेकवतो, बोटाने हलवून बघतो. डुगडुगतोय. बाहेर काढतो. आतून सोनं केसभर खरवडतो. पुन्हा टेकवतो. पुन्हा काढतो. तिसऱ्या वेळी खडा आत जातो तेव्हा अगदी बारीक 'टक' होतं. मग कडेचं सोनं चहूबाजूंनी खड्यावर दाबलं जातं. इंग्रजीत झालं सेट. मराठीत: बसला.

बसवणाऱ्याचं काम इथे संपतं. पण काही वस्तू स्वतःच बसतात आणि तिथे शब्द पलटी खातो.

(दृश्य: बांधकाम. घमेल्यात सिमेंटचा माल. मग प्रयोगशाळा: साच्यातल्या सिमेंटवर टेकणारी सुई.)

निवेदन:

"माल सेट व्हायच्या आत घे रे," मिस्त्री वरून ओरडतो. त्याचं घड्याळ त्याच्या अंगठ्यात असतं, माल दाबून बघतो. प्रयोगशाळेत तेच काम विकॅटचं उपकरण करतं. साच्यात ओलं सिमेंट, वर वजन लावलेली सुई. सुई सोडायची. सुरुवातीला ती लोण्यातून गेल्यासारखी तळाला टेकते. काही वेळाने तळाच्या थोडी वरच अडते. हा सुरुवातीचा सेट, आणि आपल्याकडच्या साध्या पोर्टलँड सिमेंटच्या मानकानुसार तो ३० मिनिटांच्या आत येऊन चालत नाही. पूर्ण घट्ट व्हायला मुभा ६०० मिनिटांची. हा अवधी मिळावा म्हणून कारखान्यातच सिमेंटमध्ये थोडं जिप्सम दळतात. ते नसेल तर पाणी पडताच माल धरतो आणि मिस्त्रीच्या हातात थापीला चिकटलेला दगड उरतो.

इथे कुणी कुणाला बसवलं नाही. पातळ होतं ते घट्ट झालं. विरजण लावलेल्या दुधाचं होतं तसं. कवडीदार दह्याला 'सेट कर्ड' म्हणून डब्यात भरून विकतात, ते याच अर्थाने.

आणि सूर्य? इंग्रजीत तो सेट होतो, म्हणजे खाली टेकतो. आपला मावळतो, खेड्यात दिवस बुडतो. बसायचा मान आपण त्याला दिलेला नाही.

(दृश्य: टी-सेट, कप मांडले जातायत.)

निवेदन:

आता जरा फसवणुकीकडे. हा कपांचा सेट बसवण्यातून आला असं वाटेल. तसं नाही. समूह या अर्थाचा सेट वेगळ्याच घरातला. लॅटिन 'सेक्ता', म्हणजे एकामागून चालणाऱ्यांचा पंथ, तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत शिरला आणि आधीच राहत असलेल्या सेटसारखा दिसू-बोलू लागला. दोन अनोळखी माणसं एकाच नावाने एकाच वाड्यात भाड्याने राहावीत, मग पोस्टमनने दोघांची पत्रं एकाच दारात टाकावीत, असं झालं. या दुसऱ्या सेटचं मूळ 'मागे चालणे', आणि त्याच मुळातून संस्कृतात 'सच्' आला, त्यातून सोबत चालणारा तो सचिव. म्हणजे सूर्याचा सेट संसदेच्या भावकीतला आणि कपांचा सेट सचिवाच्या. संसद आणि सचिव एका शब्दात कोंबून ठेवायचं काम इंग्रजीने केलंय.

गणितातला सेट समूहाच्या घरचा. गेऑर्ग कांटोर यांनी १८७४ पासून अनंताची मोजदाद मांडली ती जर्मनमध्ये. त्यांचा शब्द होता 'मेंगं'. इंग्रजीत त्याचं सेट झालं आणि मराठी पाठ्यपुस्तकात संच. संच हा शब्द मला सेटपेक्षा बरा वाटतो, साठवल्याचा वास आहे त्याला.

टेनिसचा सेट म्हणजे खेळांचा संच. एरवी एकाने सहा-सात गेम जिंकले की आटपतो. २०१० च्या विम्बल्डनमध्ये इस्नर आणि माहू यांचा पाचवा सेट काही केल्या आटपेना. ७०–६८. सामना ११ तास ५ मिनिटं, तीन दिवस चाललेला.

जाता जाता 'अपसेट'. पंधराव्या शतकात याचा अर्थ होता उभारणं, वर बसवणं. आज बरोब्बर उलटा, बसलेलं उलथणं. आपण तर तो थेट मनाला लावतो: "ती फार अपसेट आहे."

(दृश्य: धावणारी लोकल. छापखान्याचं यंत्र. संगणकाचा पडदा.)

निवेदन:

सेटचं सिंहासन आता गेलंय. कोशाच्या नव्या आवृत्तीचं काम चालू असताना २०११ साली 'रन' हे क्रियापद ६४५ अर्थांसह पुढे निघून गेलं. पीटर गिलिव्हर या संपादकांना त्या एका नोंदीला नऊ महिने लागले. कारण शोधायला लांब जायला नको. इंजिन आलं, छापखाना आला, धंदा वाढला, संगणक आला, आणि इंग्रजीत हे सगळं 'रन' होतं. बसणाऱ्याला धावणाऱ्याने मागे टाकलं.

नऊ महिने 'लागले', म्हणालो मी. हा आपला पठ्ठ्या! भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, सूर लागतो, घाटात गाडी लागते, शेजारच्या काकू नात्याने मावशी लागतात. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली मराठीचा कोश छापला. बाहेरून आलेल्या माणसाने 'लागणे' कानांनी टिपून इंग्रजीत बसवायचं, तेव्हा त्याची काय दमछाक झाली असेल! घरात सेट असलेला माणूस, आणि त्याला आपलं लागणं लागलं.

(दृश्य: पुन्हा नाट्यगृह. चार वाजलेत. दिवाणखाना उभा. एक माणूस सोफ्याच्या डुगडुगत्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवतो.)

आवाज, विंगेतून: "सेट लागला का?"

"लागला."

"आणि दुसरा अंक?"

"बसला नाही अजून."

(तिसरी घंटा. अंधार.)