बुंध्याचा घेर आणि शेंड्याची उंची

कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात, पश्चिम घाटाच्या उतारावर, उप्पंगळा येथे सदाहरित जंगलाचा एक तुकडा आहे, जेथे वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो. फ्रेंच इन्स्टिट्यूट ऑफ पाँडिचेरीचे अभ्यासक १९९० पासून येथील आखून दिलेल्या क्षेत्रातल्या खोडांना क्रमांक देऊन त्यांचा घेर पुन्हा पुन्हा मोजत आले आहेत. या नोंदवह्यांतून कोणते झाड किती जाड झाले, कोणते मेले आणि कोणते नव्याने मोजणीत आले हे कळते. मात्र जंगलात उभे राहून वर पाहिले, तर समोरच्या खोडाचा शेंडा नेमका कोठे संपतो हे बहुतेक वेळा दिसतच नाही, कारण मध्ये दुसऱ्या झाडांच्या फांद्या, वेली आणि पानांचे थर असतात. म्हणूनच उष्णकटिबंधीय जंगलांच्या अभ्यासात एक प्रश्न फार जुना आहे: जो घेर हाताशी आहे, त्यावरून जी उंची दिसत नाही ती किती विश्वासाने सांगता येईल?

घेराचे मोजमाप वाटते तितके सरधोपट नसते, पण त्याचे नियम पक्के आहेत. जगभरातील बहुतेक अभ्यासक जमिनीपासून १.३ मीटरवर टेप लावतात, तर भारतीय वनविभागांच्या परंपरेत ही उंची १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फूट, धरली जाते. यालाच छातीच्या उंचीवरचा घेर म्हणतात. झाड उतारावर असेल, तर वरच्या बाजूला उभे राहून मोजायचे. खोडाला बिलगलेल्या वेलीखालून टेप सरकवायचा. पावसाळी जंगलांतील मोठ्या झाडांच्या बुंध्याला पंखांसारख्या पसरलेल्या आधारमुळ्या असतात, तेथे शिडी लावून त्या मुळ्या जिथे संपतात त्याच्याही वर घेर घ्यायचा आणि ती जागा रंगाने कायमची आखून ठेवायची. घेराला ३.१४ने भागले की व्यास मिळतो. १५७ सेंटिमीटर घेराचे झाड म्हणजे ५० सेंटिमीटर व्यासाचे झाड.

उंचीचे मोजमाप इतके आज्ञाधारक नाही. एक पद्धत अशी की झाडापासून ठरावीक अंतरावर उभे राहून शेंड्याकडचा आणि बुंध्याकडचा असे दोन कोन मोजायचे आणि त्रिकोणमितीने उंची काढायची. दुसरी पद्धत लेझरची, जिच्यात किरण थेट शेंड्यावर सोडून सरळ अंतर आणि कोन यांवरून उंची काढली जाते. पनामातील बारो कोलोराडो बेटावर या दोन पद्धतींची तुलना झाली, तेव्हा दुसऱ्या पद्धतीत उंची सरासरी सुमारे २० टक्क्यांनी कमी भरत असल्याचे आढळले, कारण किरण खऱ्या शेंड्यापर्यंत न पोहोचता त्याआधीच्या एखाद्या फांदीवर किंवा पानावर अडतो. पहिल्या पद्धतीत चूक एका बाजूला झुकत नाही, पण झाडागणिक ती मोठी असते: मोजणाऱ्याच्या दिशेने वाकलेली फांदी शेंडा समजली गेली, तर झाड आहे त्यापेक्षा उंच ठरते. हजारो खोडांच्या क्षेत्रात प्रत्येक झाडाची उंची अशा रीतीने घेणे वेळेच्या दृष्टीने परवडत नाही आणि घेतली तरी तिच्यावर सारखाच भरवसा ठेवता येत नाही.

तरीही उंची हवी असते, आणि आज ती मुख्यतः कार्बनच्या हिशेबासाठी हवी असते. झाडाने हवेतून घेतलेला कार्बन त्याच्या लाकडात साठतो, म्हणून जंगलाचा कार्बन मोजायचा तर उभ्या झाडाचे वजन काढावे लागते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले आणि आज फार मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे एक समीकरण ५८ ठिकाणच्या ४,००४ झाडांवरून तयार झाले. ही झाडे प्रत्यक्ष तोडून तोलली गेली होती, आणि त्यांचे वजन व्यास, उंची व लाकडाची घनता या तीन गोष्टींवरून कसे सांगता येते हे त्यातून निश्चित झाले. हे समीकरण ५० सेंटिमीटर व्यासाच्या आणि दर घन सेंटिमीटरला ०.६ ग्रॅम घनतेच्या दोन झाडांना लावून पाहू. एक झाड २० मीटर उंच आहे आणि दुसरे ३० मीटर. पहिल्याचे जमिनीवरचे कोरडे वजन सुमारे १.६ टन येते, तर दुसऱ्याचे सुमारे २.३ टन. घेराच्या नोंदीत ही दोन्ही झाडे तंतोतंत सारखी दिसतात. २०१२ मध्ये जगभरातील उष्णकटिबंधीय जंगलांचा असाच हिशेब उंची धरून नव्याने करण्यात आला, तेव्हा कार्बनचा पूर्वीचा अंदाज सुमारे १३ टक्क्यांनी खाली आला. जंगले होती तशीच होती, बदलले होते ते फक्त गणित. ज्या आकड्यांवर देशोदेशीची वनधोरणे आणि कार्बनचे व्यवहार उभे राहतात, त्यांच्यासाठी हा फरक किरकोळ म्हणता येणार नाही.

व्यास आणि उंची यांच्यात मुळात नाते का असावे, याचे एक उत्तर यंत्रशास्त्रात आहे. उभा खांब एका मर्यादेपलीकडे उंच केला की स्वतःच्याच भाराने वाकून कोसळतो, आणि ती मर्यादा त्याच्या जाडीवर अवलंबून असते. यंत्रशास्त्राचे अमेरिकी अभ्यासक थॉमस मॅकमहॉन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की झाडे ही मर्यादा गाठत नाहीत. त्यांची उंची साधारणपणे त्या मर्यादेच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास राहते, म्हणजे वारा, पाऊस आणि फांद्यांचा भार सोसण्यासाठी त्यांच्याकडे भरपूर मोकळीक असते. दुसरे उत्तर प्रकाशात आहे. दाट जंगलातील कोवळे झाड आपली कमाई आधी उंचीवर खर्च करते, कारण सावलीतून वर निघाल्याशिवाय त्याला ऊन मिळत नाही. एकदा शेंडा जंगलाच्या छताच्या वर आला की उंच होण्याची निकड संपते, शिवाय इतक्या वर पाणी खेचणे अवघड होत जाते आणि वादळात शेंडे मोडतात. खोड मात्र पुढेही जाड होत राहते. त्यामुळे व्यास आणि उंची यांचा आलेख सरळ रेषा न राहता सुरुवातीला वेगाने चढतो आणि नंतर आडवा होत जातो. २०१४च्या त्याच अभ्यासात दिलेल्या उंचीच्या सूत्रात हवामानाचा ताण (त्याचा अर्थ पुढे येतो) शून्य धरला, तर १० सेंटिमीटर व्यासाचे झाड सुमारे १२ मीटर उंच येते, ५० सेंटिमीटरचे सुमारे २८ मीटर, आणि १०० सेंटिमीटरचे सुमारे ३९ मीटर. व्यास ५०वरून दुप्पट झाला, पण उंचीत भर पडली ती अकराच मीटरची.

आता हवामानाच्या ताणाकडे वळू, कारण या विषयाचा खरा गाभा तेथे आहे. एकच आलेख सगळ्या जंगलांना लागू पडत नाही, हे मोजणीतून स्पष्ट झाले आहे. आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील गियानाचा प्रदेश येथील झाडे त्याच व्यासाला ॲमेझॉनच्या उरलेल्या भागातील झाडांपेक्षा सामान्यतः उंच असतात. हा फरक सूत्रात आणण्यासाठी तापमान वर्षभरात किती बदलते, पाऊस वर्षभर किती असमान पडतो आणि कोरड्या महिन्यांत पाण्याची तूट किती होते, या तिन्हींचा मिळून एक आकडा प्रत्येक ठिकाणासाठी काढला जातो; हाच तो हवामानाचा ताण. ताण जितका जास्त, तितके त्या व्यासाचे झाड बुटके.

ही सुधारणा मोलाची आहे, पण ती पुरेशी नाही, असे सह्याद्रीकडे पाहून म्हणावे लागते. महाबळेश्वरच्या पठारावर उप्पंगळापेक्षा कमी पाऊस पडत नाही. तेथेही सदाहरित जंगल आहे, आणि अंजनी, जांभूळ आणि पिसा ही त्यातली प्रमुख झाडे आहेत. पण महाबळेश्वरचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि त्यानंतर प्रदीर्घ कोरडा काळ येतो. हा भाग वर सांगितलेल्या आकड्यात पकडला जातो. जे पकडले जात नाही ते असे की या पठारावर जांभ्या दगडावर मातीचा थर पातळ आहे, आणि कड्यावरून येणारा पावसाळी वारा झाडांना वर जाऊ देत नाही. तेथील अंजनी वाकडीतिकडी, आखूड आणि बुंध्याच्या मानाने बुटकी असते. उप्पंगळात वटेरिया इंडिका, ज्याच्या राळेचा धूप होतो, ते झाड शेजाऱ्यांना मागे टाकून सरळ वर गेलेले दिसते. ही दोन्ही जंगले पश्चिम घाटातली आणि सदाहरित असूनही एकाच सूत्राने मोजली, तर कड्यावरच्या जंगलाला नसलेली उंची बहाल केली जाईल.

चूक उलट दिशेनेही होते. मलेशियातील साबाह प्रांतात, डनुम खोऱ्यात, शोरिया जातीचे एक झाड आहे. २०१९ च्या आरंभी झाडांवर चढण्यात तरबेज असलेल्या एकाने शेंड्यापर्यंत चढून टेप खाली सोडली, तेव्हा त्याची उंची १००.८ मीटर भरली. त्याला ‘मेनारा’, म्हणजे मनोरा, असे नाव दिले आहे. त्याचा व्यास दोन मीटरच्या थोडा वर आहे. शून्य ताण धरलेले वरचे सूत्र दोन मीटर व्यासाला सुमारे ५३ मीटर उंची सांगते. सूत्र सरासरीसाठी बनते आणि हे झाड असामान्य आहे, हे मान्य करूनही लक्षात घ्यावे लागते की जंगलाच्या वजनाचा मोठा भाग थोड्याशाच अतिमोठ्या झाडांत असतो, आणि सूत्राला आधार देणारी मोजलेली झाडेही त्याच टोकाला सर्वांत विरळ असतात.

आज लेझरने आकाशातून उंची घेता येते. डिसेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे पाठवलेले गेडी हे उपकरण सुमारे २५ मीटर व्यासाच्या वर्तुळातील पर्णछताची उंची सांगते, पण त्या वर्तुळात खाली किती खोडे आहेत आणि कोणता शेंडा कोणत्या खोडाचा, हे ते सांगत नाही. शिवाय १९८० आणि १९९०च्या दशकांत घेर नोंदवलेली जी झाडे आता उभी नाहीत, त्यांची उंची कोणतेही उपकरण आज मोजू शकणार नाही. त्या नोंदींचा कार्बन काढायचा तर घेरावरून उंची हाच मार्ग उरतो, आणि म्हणून तो मार्ग त्या त्या जंगलासाठी नीट बांधावा लागतो.

त्यासाठी सुचवलेली रीत आवाक्यातली आहे. अभ्यासक्षेत्रातील सगळ्या झाडांऐवजी पन्नासेक झाडे निवडायची, त्यांत सर्वांत जाड दहा झाडे असलीच पाहिजेत, आणि उरलेली लहान-मोठ्या सर्व जाडींच्या गटांतून घ्यायची. शेंडा ज्या जागेवरून खात्रीने दिसतो अशी जागा शोधून, गरज पडल्यास एकापेक्षा अधिक बाजूंनी, त्यांची उंची मोजायची, मोडलेल्या शेंड्यांची वेगळी नोंद करायची आणि मग त्या जंगलाचा स्वतःचा आलेख काढायचा. सह्याद्रीत असे आलेख निदान दोन लागतील: घाटमाथ्यावरच्या वाऱ्याच्या पठारांसाठी एक आणि खालच्या दऱ्यांतील, खोल मातीवरच्या जंगलांसाठी दुसरा. दोन जागांमधले अंतर काही ठिकाणी चालत तासाभराचे असले, तरी त्यांच्या नोंदी एकाच आलेखात मिसळू नयेत.