राजाचे नाताळचे भाषण आज कोणासाठी?

श्रोतेहो, नमस्कार.

दरवर्षी २५ डिसेंबरला लंडनमध्ये दुपारचे तीन वाजतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. त्या वेळी ब्रिटनचा राजा आपल्या देशाला आणि राष्ट्रकुलातील इतर देशांना उद्देशून काही मिनिटांचे भाषण करतो. १९३२ पासून, मोजकी वर्षे वगळता, ही प्रथा अव्याहत चालू आहे. ज्या काळात राजाला प्रत्यक्ष सत्ता उरलेली नाही आणि घरातला प्रत्येक जण आपापल्या पडद्यात डोके घालून बसलेला असतो, त्या काळात अशा भाषणाला काही अर्थ उरला आहे काय, असा प्रश्न तिथे दर नाताळला निघतो. आपण त्या राजाचे प्रजाजन नाही, म्हणून हा प्रश्न आपल्याला जरा लांबून पाहता येतो. मात्र त्याच्या मुळाशी आपल्या इतिहासाचाही एक धागा असल्यामुळे तो सर्वस्वी परका आहे असेही म्हणता येत नाही.

ही कल्पना राजवाड्यातून निघालेली नव्हती. बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांनी ती मांडली होती आणि पंचम जॉर्ज यांनी ती काही वर्षे टाळली होती. रेडिओ हे करमणुकीचे साधन आहे, राजाने त्यावरून बोलणे शोभेल काय, अशी त्यांना शंका होती. अखेर १९३२ मध्ये ते तयार झाले. साम्राज्यातील दूरदूरच्या प्रदेशांसाठी बीबीसीने लघुलहरींवरची नवी सेवा त्याच वर्षी १९ डिसेंबरला सुरू केली होती, आणि तिच्यावरून राजाचाच आवाज ऐकू यावा यापेक्षा मोठी जाहिरात दुसरी कोणती असणार!

सँडरिंगहॅम येथील राजाच्या वाड्यात दोन खोल्यांत तात्पुरत्या प्रक्षेपणकक्षाची मांडामांड झाली. तिथले मायक्रोफोन टपालखात्याच्या तारांनी लंडनच्या ब्रॉडकास्टिंग हाऊसशी जोडले गेले, तिथून आवाज डॅव्हेंट्रीच्या सहा लघुलहरी प्रक्षेपकांकडे गेला, आणि ऑस्ट्रेलिया, कॅनडा, केनिया, दक्षिण आफ्रिका व हिंदुस्थान इथपर्यंत पोहोचला. दुपारी तीनची वेळही याच हिशेबाने निवडलेली होती, कारण साम्राज्याच्या बहुतेक भागांत लघुलहरी त्या वेळी सर्वांत चांगल्या पोहोचत. राजा कागदावरून वाचणार होता आणि त्याचे हात कापत होते, म्हणून कागदांची सळसळ मायक्रोफोनमध्ये जाऊ नये यासाठी टेबलावर जाड कापड अंथरले होते. रेडिओत काम करणाऱ्या कोणालाही या कापडाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. निम्म्या जगाला ऐकवायचा आवाज कागदाच्या एका सळसळीने बिघडतो.

भाषण लिहिले होते रुडयार्ड किपलिंग यांनी. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात १८६५ साली जन्मलेला हा लेखक साम्राज्याचा निःसंकोच समर्थक होता. तरीही आपल्या राजाच्या तोंडी त्याने हुकमाची किंवा दरबारी थाटाची भाषा घातली नाही. बर्फाने, वाळवंटाने किंवा समुद्राने जगापासून तोडलेल्या आणि केवळ हवेतून येणारा आवाजच ज्यांच्यापर्यंत पोहोचू शकतो, अशा माणसांशी मी माझ्या घरातून आणि मनापासून बोलत आहे, असे पंचम जॉर्ज म्हणाले. राजा प्रजेशी तिच्याच घरात येऊन बोलतो आहे, हा आभास त्या एका वाक्याने निर्माण केला आणि पुढच्या जवळजवळ सर्व भाषणांनी तोच साचा कमीअधिक फरकाने चालवला.

या आभासाची दुसरी बाजू मात्र आपल्या नजरेतून सुटता कामा नये. १९३२ च्या त्या नाताळला महात्मा गांधी पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते. त्याच तुरुंगात सप्टेंबरमध्ये त्यांनी उपोषण केले होते आणि त्यातून २४ सप्टेंबरला पुणे करार झाला होता. सविनय कायदेभंगाची दुसरी लाट चालू होती आणि देशभरातील तुरुंग सत्याग्रहींनी भरलेले होते. लंडनमधील तिसरी गोलमेज परिषद, जिला डॉ. आंबेडकर उपस्थित होते आणि काँग्रेस अनुपस्थित होती, राजाच्या भाषणाच्या अगदी आदल्या दिवशी, २४ डिसेंबरला, संपली होती. म्हणजे ज्या सरकारच्या वतीने राजा साम्राज्याच्या 'कुटुंबा'ला शुभेच्छा देत होता, त्याच सरकारने त्या कुटुंबातल्या हजारो माणसांना गजाआड ठेवले होते. शिवाय ऐकणार तरी कोण? मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ च्या जुलैत सुरू झाले, ते चालवणारी कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि मग सरकारने ते ताब्यात घेतले. घरी रेडिओ असणे ही तेव्हा श्रीमंतांची आणि साहेबांची चैन होती. हे भाषण हिंदुस्थानपर्यंत पोहोचले हे तांत्रिकदृष्ट्या खरे असले, तरी ते हिंदी जनतेपर्यंत पोहोचले असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

पुढची काही वर्षे ही प्रथा टिकेल की नाही याचीच खात्री नव्हती. १९३६ च्या जानेवारीत पंचम जॉर्ज वारले, डिसेंबरमध्ये आठव्या एडवर्डने राजत्याग केला आणि त्या नाताळला भाषण झालेच नाही. सहावे जॉर्ज बोलताना अडखळत असत. त्यांनी १९३७ मध्ये भाषण केले, पण वडिलांची प्रथा आपण दरवर्षी चालवू असे वचन काही दिले नाही, आणि १९३८ चा नाताळ भाषणाविना गेला. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि प्रश्नच मिटला. नौदलाच्या गणवेशात दोन मायक्रोफोनांसमोर बसून, एका फारशा प्रसिद्ध नसलेल्या कवयित्रीच्या ओळींचा आधार घेत, या भित्र्या बोलणाऱ्या राजाने काळोखात पाऊल टाकणाऱ्या देशाला धीर दिला. माझ्या मते हे भाषण खऱ्या अर्थाने त्या दिवशी जन्माला आले, कारण तोपर्यंत ते एका नव्या यंत्राचे कौतुक होते आणि त्या दिवसापासून लोकांना त्याची गरज वाटू लागली. १९५१ मध्ये फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर राजाला सलग बोलता येईना, तेव्हा ते भाषण तुकड्यातुकड्यांनी ध्वनिमुद्रित करून जोडले गेले. अडखळणे आणि धाप लागणे हे त्या आवाजाचे दोष लोकांना ठाऊक होते, आणि त्या दोषांमुळेच त्यांचा त्याच्यावर विश्वास बसला असावा.

त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या राणी एलिझाबेथ यांनी १९५२ मध्ये पहिले भाषण सँडरिंगहॅममधूनच केले आणि १९५३ चे न्यूझीलंडमधील ऑकलंडहून. १९५७ मध्ये त्या प्रथमच दूरचित्रवाणीवर थेट दिसल्या. आपण तुम्हाला काहीशा दूरच्या वाटत असणार हे त्यांनी स्वतःच त्या भाषणात मान्य केले. मी तुम्हाला युद्धात नेऊ शकत नाही, तुमच्यासाठी कायदे करत नाही, न्यायदानही करत नाही, पण माझे मन आणि माझी निष्ठा मात्र देऊ शकते, असे त्यांनी सांगितले. आपल्या पदाला काय करता येत नाही याची यादी त्या पदावरील व्यक्तीनेच सणाच्या दिवशी वाचून दाखवावी, ही राजकारणात विरळा गोष्ट आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. एखादी प्रथा लोकांना खरोखर हवी आहे की नाही हे ती बंद पडली की कळते, आणि ब्रिटनमध्ये अशी परीक्षा एकदा आपोआप झाली. १९६९ मध्ये राजघराण्याच्या रोजच्या जीवनावरचा एक लांबलचक माहितीपट दाखवला गेला होता. त्यामुळे राणीला त्या वर्षी आणखी पडद्यावर यावेसे वाटले नाही आणि नाताळला केवळ लेखी संदेश निघाला. लोकांनी त्यावर इतकी अस्वस्थता व्यक्त केली, की पुढच्या वर्षी भाषण पुन्हा होईल असे आश्वासन राणीला द्यावे लागले. राजघराण्याच्या खासगी जीवनाचे कुतूहल माहितीपटाने भागले होते, म्हणजे लोकांना उणीव भासली ती दुसऱ्याच कशाची तरी. वर्षातून एकदा, ठरल्या वेळी, ठरावीक माणसाने आपल्याशी बोलावे, एवढीच ती अपेक्षा होती.

या भाषणाचे आणखी एक वैशिष्ट्य आपल्याकडे फारसे चर्चिले जात नाही. संसदेच्या अधिवेशनाच्या प्रारंभी राजा जे भाषण वाचतो ते शब्दन् शब्द सरकारने लिहिलेले असते आणि राजा ते फक्त वाचून दाखवतो. नाताळच्या भाषणात राजाला बऱ्याच अंशी स्वतःचे बोलता येते. या मोकळिकीवरून एकदा वाद झाला आणि त्याचा संबंध थेट दिल्लीशी होता. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रकुल परिषदेच्या निमित्ताने राणी भारतात आल्या होत्या. त्या वर्षीच्या नाताळ भाषणात पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्याबरोबरचे त्यांचे संभाषण दाखवले गेले, आणि श्रीमंत व गरीब देशांमधील दरी ही जगापुढची सर्वांत मोठी समस्या आहे असे राणी म्हणाल्या. इनॉक पॉवेल यांच्यासारख्या उजव्या विचारांच्या पुढाऱ्याला हे खटकले. राणीचे लक्ष स्वदेशापेक्षा इतरत्रच अधिक आहे असा समज त्यामुळे होईल, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. हा राष्ट्रकुलाला उद्देशून दिलेला वैयक्तिक संदेश आहे, असा खुलासा राजवाड्याला करावा लागला. सौम्य, बिनधोक आणि काहीसे गुळमुळीत वाटणारे हे भाषण कोणाला टोचू शकते, यावरून त्यात काही जीव होता असेच म्हणायला हवे. बाकी पुष्कळ वर्षांची भाषणे आज वाचायला घेतली तर पाच मिनिटांत झापड येते, हेही प्रांजळपणे सांगतो.

आकड्यांच्या भाषेत बोलायचे तर उतार स्पष्ट आहे. २०२२ मध्ये राजे चार्ल्स यांचे पहिले भाषण, जे विंडसरच्या सेंट जॉर्जेस चॅपेलमध्ये चित्रित झाले होते, ब्रिटनमध्ये एक कोटीहून अधिक लोकांनी पाहिले. पुढच्या वर्षांत ही संख्या बरीच खाली आली. 'चॅनेल फोर' ही वाहिनी तर १९९३ पासून नाताळला पर्यायी संदेश दाखवते. २०२० मध्ये तिने संगणकाने बनवलेली नकली राणी नाचवून दाखवली आणि डोळ्यांनी पाहिले तरी विश्वास ठेवू नका असा इशारा दिला. त्यामुळे हे भाषण निव्वळ प्रेक्षकसंख्येवर तोलणारे लोक त्याला निकालात काढतात. मला हा तोल अपुरा वाटतो. हे भाषण पोस्टातल्या आवर्ती ठेवीसारखे आहे; एखाद्या महिन्याचा हप्ता पाहून ती ठेव किती मोठी आहे हे सांगता येत नाही.

ही ठेव मोडून वापरलेली आपण अलीकडेच पाहिली. २०२० च्या एप्रिलमध्ये, करोनाची पहिली टाळेबंदी चालू असताना, राणीने नाताळ नसताना एक विशेष भाषण केले आणि ब्रिटनमध्ये ते सुमारे दोन कोटी चाळीस लाख लोकांनी पाहिले. चार-साडेचार मिनिटांच्या त्या बोलण्यात नवी माहिती काहीच नव्हती. रोजच्या पत्रकार परिषदांत मंत्री आणि तज्ज्ञ ती देतच होते. पण पंच्याण्णवीकडे झुकलेली जी बाई सत्तरएक वर्षे नाताळच्या दुपारी ठराविक सुरात बोलत आली होती, तिने त्याच सुरात आपण पुन्हा भेटू असे सांगितले तेव्हा ते लोकांना खरे वाटले. आधीचे पन्नास-साठ नीरस नाताळ नसते तर ही चार मिनिटे वायफळ ठरली असती.

डेन्मार्कमध्ये याहूनही ठळक उदाहरण घडले. तिथे राजप्रमुखाचे भाषण वर्षअखेरीला, ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी थेट प्रक्षेपित होते आणि लोक ते घरोघरी लावून बसतात. २०२३ च्या त्या संध्याकाळी नेहमीच्या शुभेच्छा देता देता राणी मार्गरेथे यांनी १४ जानेवारीला आपण सिंहासन सोडत असल्याचे सांगून टाकले. देशाला बातमी देण्यासाठी त्यांना वेगळी वेळ मागावी लागली नाही, कारण देश अगोदरच ऐकायला बसलेला होता.

मग हे महत्त्व कोणापुरते? माझे उत्तर असे, की ते ब्रिटनपुरते बऱ्यापैकी शिल्लक आहे आणि राष्ट्रकुलाच्या बाबतीत जवळजवळ संपले आहे. स्वतंत्र झाल्यानंतरही २६ जानेवारी १९५० पर्यंत भारत ब्रिटिश राजसत्तेखालचे स्वायत्त राज्य होता, म्हणजे १९४९ चे नाताळ भाषण हे कायद्याच्या दृष्टीने आपल्या राजाने आपल्याला उद्देशून केलेले शेवटचे भाषण. ते त्या अर्थाने ऐकलेला मराठी माणूस शोधून सापडणे कठीणच. बार्बाडोसने २०२१ मध्ये प्रजासत्ताक होऊन हाच मार्ग धरला, आणि ब्रिटनचा राजा ज्यांचा राजप्रमुख आहे अशा उरलेल्या देशांतही तो विषय मधूनमधून निघतो. चार्ल्स यांनी २०२२ च्या भाषणात चर्चबरोबरच सिनेगॉग, मशिदी, मंदिरे आणि गुरुद्वारे यांचा आवर्जून उल्लेख केला, तो मला याच दिशेने महत्त्वाचा वाटतो. १९३२ मध्ये किपलिंगने ज्या दूरच्या माणसांचा विचार केला होता त्यांची नातवंडे-पणतवंडे आता लेस्टर, साउथॉल आणि बर्मिंगहॅममध्ये राहतात. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आता डॅव्हेंट्रीच्या प्रक्षेपकांची गरज नाही. त्यांना ते भाषण आपल्यालाही उद्देशून आहे असे वाटते की नाही, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर राजाला दरवर्षी नव्याने द्यावे लागणार आहे.