हुकलेल्या फोटोंची वही

नमस्कार, श्रोतेहो.

फोटोंबद्दल रेडिओवर बोलायचं म्हणजे पुरणपोळीबद्दल फोनवर बोलण्यासारखं आहे. दाखवता काहीच येत नाही. पण आज ते पथ्यावरच पडणार आहे, कारण मी बोलणार आहे ते माझ्या न निघालेल्या फोटोंबद्दल. ते दाखवायला माझ्याकडंही नाहीत.

साताऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. रविवारी दुकान बंद आणि कॅमेरा चालू, असं दहा-बारा वर्षं चाललंय. पेठेतल्या पोरांना हे ठाऊक आहे, त्यामुळं दिवाळीचा बोनस हातात पडला की कुणी ना कुणी काउंटरशी येऊन उभा राहतो. "काकू, साठ हजार जमलेत, कुठला कॅमेरा घेऊ?" मी विचारते, "आत्ताच्या कॅमेऱ्यानं कुठला फोटो हुकला?" यावर बहुतेक जण गप्प होतात. आमच्या धंद्यात हे रोजचंच. माणूस आधी गोळीचं नाव सांगतो, दुखतंय कुठं ते मागाहून.

मला हा प्रश्न सुचला तो एका वहीमुळं. उधारीच्या वहीशेजारीच ती असते, दोनशे पानी. डावीकडं काय हुकलं, उजवीकडं का हुकलं. पहिली नोंद जानेवारी २०१६ मधली, भिगवणची. भिगवण म्हणजे उजनी धरणाचं मागचं पाणी. हिवाळ्यात तिथं रोहित येतात, फ्लेमिंगो. आपण साताऱ्याहून फलटण-बारामतीमार्गे अंधारात निघायचं आणि उजाडता उजाडता होडीत बसायचं. त्या दिवशी ऑस्प्रे होता, मासे मारणारा शिकारी पक्षी. नावाडी दादा मला म्हणाले, "ताई, तो मासा घेऊन उठला की हवेतच अंग झटकतो. तवा दाबा." आणि तसंच झालं. पाय पुढं करून तो पाण्यात पडला, मासा घेऊन उठला, आणि दोन पुरुष उंचीवर गेल्यावर भिजलेल्या कुत्र्यासारखं त्यानं अंग झटकलं. मी दाबलं. घरी येऊन बघते तर पाण्याच्या थेंबांच्या रेघा झालेल्या आणि डोक्याच्या जागी तपकिरी डाग.

त्या रात्री मी पक्कं ठरवलं होतं की कॅमेरा जुना झालाय, नवी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घ्यायची. मग सहज त्या फोटोची माहिती उघडली. शटर किती वेळ उघडं होतं, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं भोक किती मोठं होतं, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता किती होती, हे सगळं कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर लिहून ठेवतो, आपणच बघत नाही. शटर होतं सेकंदाचा चारशेवा भाग. उडत्या पक्ष्याला निदान दोन हजारावा भाग लागतो. मी कॅमेरा ऑटोवर ठेवला होता, त्यानं बिचाऱ्यानं आपल्या समजुतीनं केलं. वहीत उजवीकडं लिहिलं: "मी." खर्च शून्य.

पहिल्या दोन वर्षांत उजव्या बाजूला हा "मी" फार वेळा आला. एकदा कारण होतं मेमरी कार्ड. रानकुत्री ओळीनं रस्ता ओलांडत होती, मी बटण दाबून धरलं, आणि दोन सेकंदांत कॅमेरा थांबला, कारण कार्ड हळू होतं आणि फोटो उतरवून घ्यायला त्याला दम लागत होता. वेगवान कार्डाचा खर्च बॉडीच्या मानानं चिल्लर. पण हळूहळू दुसराच शब्द वाढायला लागला: "लांब". पाणकावळा, लांब. नदी सुरय, लांब. चित्रबलाकाचं घरटं, लांब. माझ्याकडं ७०-३०० मिलिमीटरची साधी लेन्स होती. मिलिमीटरचा हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ येतं. असे बावीस "लांब" झाले तेव्हा मी म्हटलं, हां, आता खिशात हात घालायला हरकत नाही.

तरी आधी एक हिशेब केला, तो तुम्हीही करा. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे आडवे ६००० आणि उभे ४००० ठिपके. तो दोन्ही बाजूंनी निम्मा कापला तर उरतात ३००० बाय २०००, म्हणजे सहा मेगापिक्सेल. त्यातून १२ बाय ८ इंचाचा छान प्रिंट निघतो. म्हणजे फोटो धारदार असेल तर निम्म्यापर्यंत कापूनही भिंतीवर लावता येतो. त्याहून जास्त कापावं लागत असेल, तेही दर वेळी, तरच लांबची लेन्स. आणि ३०० वरून ६०० वर गेलात की पक्षी दुप्पट नाही, चौकटीत चौपट जागा व्यापतो. हे पहिल्यांदा बघताना माणूस खुळावतो.

खुळावलात की भाड्यानं घ्या. मी शनिवार-रविवार १५०-६०० ची लेन्स भाड्यानं आणली आणि दोन दिवसांत कळलं की माझा मुद्दा पल्ल्याचा नाही, खांद्याचा आहे. या लेन्सा दोन किलोच्या आसपास असतात, बॉडीचं वजन वेगळं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, घरात दोन किलो साखरेची पिशवी घ्या आणि दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर पाच मिनिटं धरून उभे राहा. समोर ऑस्प्रे घिरट्या घालतोय असं समजा. हात थरथरले तर ठरवा. सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६००, सोनीची २००-६००, निकॉनची जुनी २००-५०० किंवा मिररलेससाठीची, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांसाठीची, १८०-६००, सगळ्या याच वजनाच्या घरातल्या. कॅननची आरएफ १००-४०० मात्र साडेसहाशे ग्रॅमच्या आत आहे. उजेड कमी घेते, पण पाठीच्या मणक्याचा त्रास असलेल्या माझ्या एका मैत्रिणीनं तीच घेतली आणि ती माझ्यापेक्षा जास्त हिंडते. ६०० वाली कपाटात आणि १००-४०० वाली रानात, असं झालं तर चांगली लेन्स कुठली?

आता ताडोबा. हिवाळ्यात मोहर्ली गेटातून जिप्सी आत जाते तेव्हा बांबूच्या बेटांखाली अजून धड उजाडलेलं नसतं. आणि वाघीण नेमकी तेव्हाच बछड्यांना घेऊन रस्त्यावर येते. माझी ६०० वाली लेन्स टोकाला एफ ६.३ पर्यंतच उघडते. एफचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. एफ ४ ची लेन्स त्याच क्षणी साधारण अडीचपट उजेड घेते. वहीत लिहिलं: "उजेड". पण ६०० ची एफ ४ लेन्स आज दहा लाखांच्या वर जाते. एवढ्यात गाडी येते, आणि गाडीत निदान सासूबाईंना बसवता येतं. मी दुसरी वाट धरली. चालणाऱ्या वाघाला दोन हजारावा भाग लागत नाही, अडीचशेवा पुरतो, फक्त लेन्स हलता कामा नये. जिप्सीत तिपाई उभी करायला जागा नसते, म्हणून बीन बॅग. जाड कापडाची पिशवी घरून रिकामीच न्यायची, मुक्कामी दोन किलो तांदूळ विकत घेऊन भरायचा आणि निघताना तो तिथल्याच स्वयंपाकघरात द्यायचा. गाडीच्या कठड्यावर पिशवी, पिशवीवर लेन्स, आणि ड्रायव्हरदादांना सांगायचं, "इंजिन बंद करा." उरलेला उजेड आयएसओ ६४०० वर नेऊन मिळवायचा. त्यानं जे दाणे येतात ते काढणारी सॉफ्टवेअरं आता फार चांगली झालीत. माझ्या मते गेल्या काही वर्षांत हौशी माणसाला सर्वांत स्वस्तात मिळालेली सुधारणा हीच.

पल्ला वाढवायला मध्ये लावतात तो १.४ चा टेलिकन्व्हर्टर अशा झूमला लावू नका. एफ ६.३ चं एफ ९ होतं आणि जुन्या आरसेवाल्या डीएसएलआर कॅमेऱ्याचा फोकस तिथं चाचपडायला लागतो. मी घेतला, चार वेळा वापरला, विकला.

आणि काही नोंदींवर औषधच नाही. एप्रिलमध्ये चंद्रपूरकडं पारा चाळिशी ओलांडतो, सकाळी दहानंतर जमिनीवरून तापलेली हवा थरथरत वर चढते, आणि लांबच्या पाणवठ्यावरचा वाघ पाण्यात बुडवल्यासारखा दिसतो. तिथं दहा लाखांची लेन्स त्याच थरथरीचा मोठा फोटो काढते. उजवीकडं लिहायचं: "हवा." आणि कॅमेरा मांडीवर ठेवून नुसतं बघायचं.

डोंगर-दऱ्यांच्या फोटोंचं गणित निराळं आहे. तिथं बॉडी बदलायची घाई कुणी करू नये. डोंगर पळून जात नाही. दहा वर्षांपूर्वीची २४ मेगापिक्सेलची बॉडी आणि तिच्याबरोबर आलेली १८-५५ ची किट लेन्स एफ ८ वर, तिपाईवर ठेवून वापरली तर हेच का ते, असं वाटतं. म्हणून पहिला पैसा तिपाईवर. दुकानात गेलात की पाय पूर्ण उघडा आणि वरून तळहातानं दाबा. लचकली तर पुढची बघा. मधला दांडा वर काढून उंची गाठणारी तिपाई घेऊ नका. दांडा वर काढला की तिपाईची एकपाई होते.

दुसरा पैसा पोलरायझरवर, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणाऱ्या, चमक काढणाऱ्या फिल्टरवर. हे रेडिओवर सांगायला अवघड आहे, तरी सांगते. सप्टेंबरमध्ये कासच्या पठारावर पाऊस नुकताच थांबलेला असतो. काळ्या जांभ्यावर पाणी साचलेलं, तेरड्याची पानं भिजलेली. साध्या डोळ्याला सगळं हिरवंगार दिसतं, पण कॅमेऱ्यात प्रत्येक पान पांढुरकं येतं, कारण त्याच्यावर आभाळ चमकत असतं. आता लेन्सच्या तोंडावरची ती कडी हळूहळू फिरवा. एका ठिकाणी ती चमक कुणी फडक्यानं पुसून घ्यावी तशी निघून जाते, आणि खालचा हिरवा, गुलाबी, जांभ्याचा लालसर काळा असे रंग वर येतात. साचलेल्या पाण्याचा तळ दिसायला लागतो. हे नंतर कॉम्प्युटरवर करता येत नाही. पोलरायझर दीड-दोन स्टॉप उजेड खातो, आणि एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, म्हणून पुन्हा तिपाई. ठोसेघरच्या धबधब्याला तर ढगाळ दिवशी या एका फिल्टरवरच अर्ध्या सेकंदाचं शटर जमतं, उजेड कमी करणारा वेगळा एनडी फिल्टर लागत नाही. तुषार मात्र दर मिनिटाला काचेवर येतात. त्याला जुन्या सुती साडीच्या तुकड्याइतकं चांगलं काही नाही.

एक गैरसमज जाता जाता. निसर्गदृश्य म्हटलं की लोक खूप रुंद लेन्स घेतात. सह्याद्रीला ती नेहमी मानवत नाही. बामणोलीच्या बाजूला शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्याच्या, पलीकडं एकामागं एक निळ्या रांगा दिसतात, त्या रुंद लेन्सनं रांगोळीच्या रेघेएवढ्या होतात. मला त्या मिळाल्या माझ्या जुन्या ७०-३०० नं. मोडीत काढायला निघाले होते ती.

आता माझी सगळ्यात लाजिरवाणी नोंद. २०१९ चा पावसाळा संपला आणि मी लेन्स काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी नक्षी. बुरशी. ओली बॅग तशीच कपाटात ठेवली होती, दोन महिने. आणि माझ्या दुकानात गोळ्यांच्या प्रत्येक दुसऱ्या डबीत सिलिका जेलची पुडी असते! दुरुस्तीवाल्यानं घेतलेल्या पैशात लेन्स कोरड्या ठेवणारं ड्राय कॅबिनेट आलं असतं. आता लोणच्यासारखा हवाबंद डबा आहे, त्यात रंग बदलणारं सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहायला हवा. निळे खडे गुलाबी झाले की ओलावा पिऊन झाला, मग ते तापवून वाळवायचे. कोकणातल्या श्रोत्यांनी हा डबा लेन्सच्या आधी घ्यावा.

जुनं विकत घेणार असाल, आणि मी तर म्हणते घ्याच, तर बुरशी बघायची पद्धत सोपी आहे. एका बाजूनं मोबाइलचा टॉर्च लावायचा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूनं तिरकं बघायचं. बॉडी असेल तर शटर किती वेळा पडलंय ते विचारायचं आणि एफ १६ वर आभाळाचा एक फोटो काढायचा, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांच्या रूपात समोर येते. मुंबईत बोरा बझारला, कॅमेऱ्यांच्या बाजारात, हे करताना संकोचू नका, तिथल्या लोकांना सवय आहे. सगळे मिररलेसकडं निघालेत, त्यामुळं निकॉन डी ५०० किंवा कॅनन ७ डी मार्क २ सारखे एकेकाळचे जंगलातले राजे आता आवाक्यात आलेत. फक्त एवढं ध्यानात ठेवा की नव्या लेन्सा जवळपास सगळ्या मिररलेससाठीच निघतात.

मी स्वतः मिररलेसवर गेले ती २०२२ मध्ये. चिपळूणकडं वडाच्या फळांवर आलेले धनेश पानांच्या आत बसायचे आणि माझा फोकस दर वेळी पुढच्या फांदीवर. वहीत नऊ वेळा "फांदी" झालं. नवे कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून धरतात, आणि हे खरंच आहे, जाहिरातबाजी नाही. गवतातल्या टिटवीचा डोळा सोडून कधीमधी शेजारचा खडा धरतात, तेवढं माफ.

परवा एक मुलगा दुकानात आला. गेल्या वर्षी हाच साठ हजार घेऊन आला होता, मी त्याला वही घालायला लावली होती. त्यानं मोबाइलवर यादी काढून दाखवली. एकतीस नोंदी. सतरा ठिकाणी "हललं", आठ ठिकाणी "उशिरा उठलो", "लांब" फक्त तीनदा. तो किल्ल्यांवर जातो, संधिप्रकाशात फोटो काढतो, आणि त्याला हवी होती ६०० ची लेन्स. आता तिपाई बघायला आम्ही या रविवारी जाणार आहोत.

तुमच्यापैकी कुणी या हिवाळ्यात भिगवणला जाणार असाल आणि लेन्स भाड्यानं घेणार असाल, तर आठवडाभर आधी सांगून ठेवा. शनिवार-रविवारच्या लेन्सा बुधवारीच उचललेल्या असतात. आणि होडीत बसलात की पुढच्या फळीवर बसा, पाण्याच्या जितकं जवळ तितकं बरं. कपडे भिजतात. नमस्कार.