घर त्यांचं, आपण कामाला आलोय

नमस्कार मंडळी. आजचा रोज बुडवून तुम्ही इथे दापोलीत आलात, गवंडी आहेत, सुतार, वायरमन, प्लंबर, तीन-चार कॉन्ट्रॅक्टर दिसतायत, आणि मागच्या रांगेत घरकुलात राहणाऱ्या सात-आठ बायका बसल्यात. त्यांना मी मुद्दाम बोलावलंय. ज्यांच्या घरात आपण जातो, तिथे कसं वागायचं हे त्यांच्या पाठीमागे बोलण्यात काय अर्थ आहे? ताई, तुम्ही पुढे येऊन बसा खरं तर, खुर्च्या आहेत इथे.

मी बावीस वर्षं या लाइनीत काढली, आधी घमेली उचलली, मग मिस्त्री, मग सुपरवायझर. काम कसं करायचं हे मला खूप जणांनी शिकवलं, ओळंबा कसा धरायचा, माल किती ओला ठेवायचा, सगळं. पण माणसाच्या घरात शिरल्यावर कसं वागायचं हे कुणीच शिकवलं नाही, ते मला एका ट्रंकेने शिकवलं, तेवढं आधी सांगतो.

२२ जुलै २०२१. चिपळूणच्या माणसाला ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्याच दिवशी संध्याकाळी तिकडे महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली. पाणी उतरल्यावर गरिबांसाठी बांधलेल्या एका वसाहतीत साफसफाई आणि वायरिंगचं काम आम्हाला मिळालं. तळमजल्याच्या खोल्यांत गुडघाभर चिखल, वास असा की डोकं दुखायचं. माझी पोरं धडाधड सगळं बाहेर काढत होती, गाद्या, भांडी, कपाटाच्या फळ्या, आणि डंपर भरत होता. एका खोलीतली बाई पाण्याच्या टँकरच्या रांगेत गेलेली, ती अर्ध्या तासाने हंडा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, ट्रंक कुठाय? पत्र्याची निळी ट्रंक, पलंगाखाली होती. आता पलंगच गेला होता तिथून. त्या ट्रंकेत पोरीचं दहावीचं सर्टिफिकेट होतं आणि गेलेल्या नवऱ्याचा एकच फोटो होता. मी बाइक काढून डंपरच्या मागे गेलो, कचरा टाकत होते तिथपर्यंत, दोघं पोरं बरोबर घेतली, अंधार पडेपर्यंत उकरलं. नाही मिळाली.

माझ्या पोरांनी चोरी केली नव्हती, आळस पण केला नव्हता, उलट जीव तोडून काम करत होती बिचारी. पण त्यांच्या डोक्यात ती खोली म्हणजे साइट होती. साइटवर जे पडलेलं असतं तो राडारोडा. आणि ते त्यांच्या डोक्यात तसं होतं कारण माझ्या डोक्यात तसं होतं, मीच सकाळी सांगितलं होतं की चला रे, दुपारपर्यंत आठ खोल्या मोकळ्या झाल्या पाहिजेत. एवढं एक वाक्य कमी पडलं, की घरच्या माणसाला विचारल्याशिवाय काही उचलायचं नाही.

आता मला सांगा, हेच काम आपण दापोलीत एखाद्या डॉक्टरच्या बंगल्यात करत असतो तर विचारलं असतं की नाही? शंभर टक्के विचारलं असतं. चपला बाहेर काढल्या असत्या, फर्निचरवर प्लॅस्टिक टाकलं असतं, बाईसाहेब दुपारी झोपतात म्हणून ड्रिल बंद ठेवलं असतं. म्हणजे आपल्याला येतं सगळं. फक्त घरकुल म्हटलं की, म्हाडाची गरिबांची खोली म्हटलं की, आपल्या तोंडात एक शब्द येतो, फुकटचं. फुकटचं मिळतंय ना, मग कशाला तक्रार करता. हा शब्द मी स्वतः वापरलाय, आणि माझं म्हणणं असं आहे की आपलं सगळं वाकडं वागणं या एका शब्दातून निघतं.

फुकटचं नाहीये हो ते. प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीणचं घर घ्या. २०१६ पासून ही योजना आहे, मूळ रक्कम एक लाख वीस हजार रुपये, तेही हप्त्याहप्त्याने, जोत्याचा फोटो गेला की पुढचा हप्ता, आणि त्यात किमान पंचवीस चौरस मीटरचं घर उभं करायचं. संडासाचे बारा हजार वेगळे, रोजगार हमीची नव्वद दिवसांची मजुरी वेगळी. आज चिऱ्याचा भाव काय, सिमेंटची गोणी कितीला, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या पैशात घर होत नाही, वरचे पैसे घरची बाई घालते, गळ्यातलं विकून घालते, मुंबईच्या दिराकडून उसने आणून घालते. आणि ही रक्कम तिच्या नावावर, तिच्या खात्यात येते. या योजनेच्या नियमात तर कॉन्ट्रॅक्टरच बसत नाही, घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचं असं आहे. आपण आत येतो कसे, तर ती एकटी, तिला जमत नाही, म्हणून ती आपल्याला काम अंगावर, म्हणजे उक्तं, देते. म्हणजे आपल्याला आत घेणारी ती आहे.

आणि असं असून तिचं पासबुक कॉन्ट्रॅक्टरच्या खिशात असतं! मी पाहिलंय, एकाच्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये रबर लावून ठेवलेली अकरा पासबुकं. विचारलं तर म्हणे त्यांना बँकेतलं कळत नाही म्हणून मी सांभाळतो. कळत नसेल तर बरोबर जा, कळेपर्यंत समजावून सांगा, पण पासबुक, आधार कार्ड, अंगठा, यातलं काही आपल्याकडे ठेवायचं नाही. हिशेब वहीवर लिहून द्यायचा, एक पान तिच्याकडे, एक आपल्याकडे. हे मी विनंती म्हणून सांगत नाहीये, हे झालंच पाहिजे.

बोलण्याचं. कातकरी वाडीत शबरी योजनेच्या घराचं काम चालू होतं, आमचा बावीस वर्षांचा हेल्पर सत्तर वर्षांच्या बाबांना म्हणतो, ए, सरक तिकडे. बाबा सरकले. स्वतःच्या अंगणात. त्या पोराला मी बाजूला घेऊन विचारलं, तुझ्या आजोबाला असं बोलतोस? त्याला खरंच लक्षात आलं नव्हतं तो काय बोलला, खालच्या मानेने जाऊन बाबांशेजारी बसला. दुसरं याहून वाईट आहे आणि ते सगळ्यांना माहिती असून कुणी बोलत नाही. रमाई योजनेचं काम असतं, बौद्धवाडीत असतं, घरची बाई तांब्या भरून पाणी आणते आणि आपला मिस्त्री म्हणतो नको, आहे माझ्याकडे बाटली. चहा आणला तर म्हणतो मी चहा पीत नाही, आणि तोच माणूस नाक्यावर चार कट मारतो. तिला कळत नाही का? पहिल्या दिवशीच कळतं, आणि पुढे महिनाभर तोच माणूस तिच्या घराच्या भिंती बांधतो. माझ्या कामावर ज्याला त्या घरचं पाणी चालत नाही त्याला ते काम पण मिळत नाही, एवढं मी ठरवून टाकलंय, त्याने दोन चांगले गवंडी सोडून गेले, जाऊ देत.

आपल्या कोकणात अजून एक गोष्ट आहे जी घाटावरच्या माणसाला चटकन लक्षात येणार नाही. घरातला पुरुष मुंबईला. घरात सून, सासू, दोन पोरं. आपण चार पुरुष त्या घरात आठ-आठ दिवस ये-जा करतो. म्हणून सांगतो, दारातून हाक मारायची, कोणी हाय का घरात, आणि आतून ओ येईपर्यंत पडवीत थांबायचं, दार उघडं असलं तरी. नऊला येतो म्हटलं तर नऊला, आणि जमत नसेल तर आदल्या दिवशी फोन, कारण ती आंब्याच्या बागेतली मजुरी बुडवून तुमची वाट बघत बसलेली असते. कामाचा फोन दिवसा करायचा, रात्री साडेनऊला पत्र्याचं माप विचारायला फोन करायचा नाही. योजनेसाठी घरासमोर उभं करून फोटो काढावा लागतो, तो काढा, पण तोच फोटो स्टेटसला टाकायचा नाही. तिच्या तोंडावर ऊन आहे, पदर सावरतेय, आणि खाली तुम्ही लिहिता अजून एक काम पूर्ण. तिला विचारलंत का?

छपराकडे येतो. आगोट, म्हणजे पावसाळ्याचं तोंड, जवळ आली की सगळ्यांची शाकारणी एकदम निघते आणि आपण काय करतो, पाच घरांची कौलं एकदम उतरवून ठेवतो, कारण कौलं उतरवली की ते गिऱ्हाईक आपलं झालं, दुसरीकडे जाऊ शकत नाही. हे डोकं चालवणं नाही, हे माणसाला अडकवणं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा या दापोली-मंडणगडमधले पत्रे कागदासारखे उडाले, आणि लगेच पुढे पाऊस. त्या वर्षी अ‍ॅडव्हान्स घेऊन गेलेली माणसं गणपतीपर्यंत परत आली नाहीत, ताडपत्रीखाली लोकांनी अख्खा आषाढ-श्रावण काढला. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणून एकच नियम, जेवढं छप्पर आज संध्याकाळपर्यंत झाकता येईल तेवढंच आज उघडायचं. ताडपत्री आपली, तिची नाही. आणि जुने सिमेंटचे पत्रे घरात, पोरांसमोर कटरने कापायचे नाहीत, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते, तुमच्या पण.

संडासाचं दार. हसू नका, हे हसण्यासारखं नाही. एका घरी आम्ही दार बदलायला काढलं, नवीन दाराचं माप चुकलं, चार दिवस लागले. चार दिवस त्या घरातली बाई आणि तिची वयात आलेली मुलगी पहाटे काळोखात बाहेर जात होत्या, जिथून आयुष्यात सुटका व्हावी म्हणून तो संडास बांधला होता. तिने आम्हाला एक शब्द बोलून दाखवला नाही, शेजारणीकडून कळलं. आता जुनं दार नवीन दार शेजारी उभं राहिल्याशिवाय आम्ही काढत नाही. नळ तोडला तर संध्याकाळी पाणी चालू. लाइट काढली तर काळोख व्हायच्या आत एक तरी बल्ब पेटला पाहिजे.

ओल येते, त्याबद्दल थोडं. भिंत ओली झाली, काळी बुरशी आली, बाई तक्रार घेऊन आली की आपलं ठरलेलं उत्तर, तुम्ही खिडक्या बंद ठेवता, कपडे घरात वाळवता, रंग मारून घ्या. मंडळी, इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाच्या गावात आवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं बाळ डिसेंबर २०२० मध्ये गेलं. सोशल हाउसिंगची, म्हणजे संस्थेने कमी भाड्याने दिलेली खोली होती, बापाने २०१७ पासून बुरशीची तक्रार केली होती, आणि त्याला सांगितलं गेलं होतं की वरून रंग मार. तेच शब्द! चौकशीत निघालं की बाळ त्या बुरशीमुळेच गेलं. आता तिथे त्या बाळाच्या नावाने कायदा आहे, २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, जिवाला धोका असेल तर घरमालक संस्थेने चोवीस तासांत हालचाल करायची. आपल्याकडे फ्लॅट असेल तर रेरा कायद्यात ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातला दोष तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. पण वाडीवर आपण अंगावर घेतलेल्या घरकुलाला असलं काही नाही, तिथे आपला शब्दच आहे. खाडीची वाळू न धुता वापरली, मिठाने सळई फुगली, स्लॅबचे पोपडे पडले, तर त्याला तिच्या खिडक्या जबाबदार नाहीत. निदान सात दिवस पाणी मारायचं होतं ते दोनच दिवस मारलं, हे पण आपल्यालाच माहिती असतं. पहिला पावसाळा गेला की एकदा त्या घरी जाऊन या, कुणी बोलावलं नसलं तरी. भिंतीला हात लावून बघा.

कामगारांचं पण सांगतो, नाहीतर म्हणाल सगळं आमच्यावरच. कर्नाटकातून, बिहारमधून आलेली मुलं त्या साइटवर जेवणार कुठे, जाणार कुठे, हे कॉन्ट्रॅक्टरने आधी ठरवायचं असतं. ते ठरवलं नाही की ती घरच्यांच्या न्हाणीत जातात, मग भांडणं होतात आणि शिव्या पोराला पडतात. मजुरी शनिवारी शनिवारी दिली तर तो दुसऱ्याच्या घरात तंबाखू थुंकण्याइतका वैतागत नाही, हा माझा अनुभव आहे. आणि घरच्यांनी अरेरावी केली, मारायला धावले, तर काम थांबवून मला फोन करायचा, उलट बोलायचं नाही.

रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं आधी काम बंद, झाडू आपला, खिळे-तारा वेचून घ्यायच्या, अंगणात पोरं अनवाणी असतात. तुळशीच्या कट्ट्यावर घमेलं ठेवायचं नाही. तिच्या कळशीत ब्रश धुवायचा नाही.

मागे बसलेल्यांपैकी एका आजींच्या घराचं सांगतो, नाव नाही घेत. स्वयंपाकाचा ओटा घालायचा होता. आपला मिस्त्री कुठेही ओटा घालतो तो बत्तीस इंच, हाताला बसलेलं माप आहे. तो दोरी लावणार एवढ्यात हेल्पर पोरगा, तोच, ज्याने बाबांना सरक म्हटलं होतं, तो म्हणाला, थांबा ओ, आजीला विचारू. आजी मागीलदारी भांडी घासत होती. तिला आणली, भिंतीला उभी केली, म्हणाला आजी, भाकरी थापायला हात कुठे येतो ते दाखव. तिने ओले हात पदराला पुसले आणि हवेतच भाकरी थापून दाखवली. त्याने तिच्या हाताखाली पेन्सिलीने रेघ मारली. टेप लावली तर सत्तावीस इंच. ओटा सत्तावीस इंचांवर घातला.